साठाच्या पुढे गोळी नाही

आमच्या मोठ्या साडूंइतका नावाजलेला शिकारी आजच्या हैदराबादेत दुसरा नसेल, आणि माझ्या लग्नाला झालेल्या बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक उंदीरसुद्धा मेलेला नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत आणि दोन्ही खरी आहेत, हे समजायला मला वीस वर्षं लागली. उरलेली दोन मी नुसती थक्क होण्यात घालवली आहेत.

मी मूळचा पुण्याचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि घरच्यांचं ऐकलं तर स्वभावही. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि तारनाक्याला मुलगी पाहायला गेलो, तिथे पहिला धक्का बसला. पोहे नुकतेच आले होते, आई मुलीला शिक्षण विचारत होती, आणि एवढ्यात दार ढकलून एक धिप्पाड गृहस्थ आत आले. अंगात असंख्य खिशांचा खाकी कोट, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि खांद्यावर बंदूक. पुण्यात आमच्या ओळखीतला सगळ्यात हिंस्र माणूस म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. आईच्या हातातला चमचा वाटेतच थांबला. घरातलं मात्र कुणीही हललं नाही. कुणीतरी आतून म्हणालं, "आलाव का? हात धुऊन घ्या, पोहे गरम आहेत." गृहस्थांनी दारातच उभं राहून, एक डोळा बारीक करून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "नऊ."

"नऊ काय?" मी घाबरत विचारलं.

"नऊ म्हणजे नऊ," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. ते मुलीच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे होऊ घातलेले साडू. आणि नऊ हे त्यांच्यापासून माझ्यापर्यंतचं अंतर, हे मला लग्नानंतर बायकोकडून कळलं. ते दिसेल त्या गोष्टीचं अंतर सांगत. लग्नाच्या पंगतीत बसले की "जिलेबी चौदावर आहे, पोचायला टाइम लागंल" असं शेजाऱ्याला बजावत. सिकंदराबाद स्टेशनवर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे म्हणे गाडी फलाटाला लागण्याआधीच ते "पार्सलचा डबा बावीसवर थांबतो" म्हणून हमालांना जागेवर उभे करायचे आणि डबा हमालांच्या नाकासमोर येऊन थांबायचा. बावीस काय, हे हमालांनीही कधी विचारलं नाही. मी एकदा हट्टाने विचारलं, फूट की मीटर की पावलं? ते खऱ्या दुःखाने म्हणाले, "साडूभाऊ, तुमाला शिकवलं लई, पण डोळ्यानं बघायचं शिकवलं नाही कुणी."

शिकार म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. मी आधीच पुरेसा दचकून घेतलेला आहे. आज हरणाकडे बोट दाखवलं तरी माणूस आत जाईल. शेतात धुडगूस घालणाऱ्या रानडुकरांचं तेवढं निराळं आहे. गावच्या पंचायतीने ठराव केला आणि परवानगीचा कागद हातात आला, की यादीत नाव असलेल्या परवानाधारक बंदूकवाल्याला बोलावता येतं. साडूंचं घराणं जहीराबादच्या बाजूचं, शेतकऱ्यांचं. वडिलांकडे पीकराखणीच्या परवान्याची बाराबोअरची बंदूक होती. वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी जमिनी घेतल्या आणि यांनी बंदूक घेतली, यावर ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी, आजही दिवसातून एकदा बोलतातच. गावच्या यादीत वडिलांच्या जागी यांचं नाव लागलं. मक्याला कणसं धरली की गावाचा फोन येई, आणि साडू दोन दिवसांची रजा टाकून, खाकी कोट चढवून निघत. त्या कोटाच्या खिशांतून मी आजवर पुढील वस्तू निघालेल्या पाहिल्या आहेत: लवंगा, डोळ्यांत घालायचे थेंब, शेंगदाण्याची चटणी, सुईदोरा, कानटोपी, आणि फडक्यात गुंडाळलेले ताईंचे धपाटे. काडतुसं शोधायला मात्र त्यांना प्रत्येक वेळी सगळे खिसे उलटे करावे लागत.

हा माणूस अंडंसुद्धा खात नाही, हा माझा दुसरा धक्का. घरात झुरळ निघालं तर बंदूकवाले साडू खुर्चीवर चढतात आणि ताई चप्पल घेऊन येतात. चप्पल बसली की हे वरूनच "मेलं का? लई लागलं का त्याला?" असं विचारतात. खंडेनवमीला देवघरासमोर ताईंची विळी, किसणी आणि यांची बंदूक एका रांगेत मांडलेली असते. तिघींना हळदकुंकू, तिघींना झेंडू. पूजा झाली की विळी आणि किसणी लगेच नारळाच्या कामाला लागतात. बंदूक तेल पिऊन पुन्हा कपाटात जाते. परवान्याचं नूतनीकरण करायला गेले तेव्हा तिथल्या कारकुनाने काडतुसांचा जुना हिशेब बघून विचारलं म्हणे, "इतने सालाँ में चारच? क्या साब, मारते नै क्या?" साडूंनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "उसूल है. साठ के आगे गोली नै."

साठाच्या पुढे गोळी नाही, हा त्यांचा नियम. त्याहून लांबच्या जनावरावर गोळी झाडली तर ते मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडत राहतं. तेव्हा खरा शिकारी साठाच्या आत येईल तेव्हाच चाप ओढतो, नाहीतर हात आवरतो. ऐकायला अगदी थोर. पण कुणाच्याही बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर तेराव्यालाही साडूंनी शिकारीची गोष्ट सुरू केली, की ऐकणाऱ्याचा श्वास अडकत असे आणि शेवट एकच असे. "अंधार पडायलता. मक्यात सळसळ झाली. बघतो तर एवढं सुळं! मी बंदूक उचलली. ते थांबलं. मी थांबलो. त्यानं मान वळवली. मी नेम धरला..." आता सगळ्या खुर्च्या पुढे सरकलेल्या. "...आणि नजरेनं मोजलं. एकसष्ट!" मग ते हात झटकून पाण्याचा ग्लास उचलत. खुर्च्या मागे सरकत. वीस वर्षांत मी अशी तीसेक डुकरं ऐकली. एकही बासष्टवर नव्हतं आणि एकही एकोणसाठवर आलं नाही. माझं कामच आकड्यांतली चूक पकडण्याचं. हे आकडे मला छळत. पण मोठ्या साडूला खोटं कसं पाडायचं? आणि खरं सांगायचं तर एकसष्ट ऐकल्यावर मलाही हायसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी गावात नवी सरपंच निवडून आली, आणि सगळं बिघडलं. पस्तिशीतली बाई, जहीराबादला कॉलेज केलेली, मराठी, तेलुगू आणि दक्खनी तिन्ही भाषांत सारखीच स्पष्ट बोलणारी. तिने साडूंना फोन केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. साडू फोन कानाला न लावता तोंडासमोर धरतात, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येतं. "मामा, पाय पडते तुमाला," ती म्हणाली. "पण किती वर्षं डुक्कर एकसष्टवरच येतंय? आमचा मका खाऊन गेलं की हो. यंदा असं चालणार नाही. आता अंतर मोजायची मशीन मिळती, लेझरची. ती घेऊन या. मी स्वतः मचाणावर बसते. साठाच्या आत आलं की मारायचं. नाहीतर यादीत दुसऱ्याचं नाव घालते, माफ करा." फोन बंद झाला. साडू बराच वेळ गप्प होते, आणि तेच इतकं नवलाचं होतं की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नोकरी संपलेली, मुलगा परदेशी, जमीन कधीच गेलेली. त्या यादीतलं नाव तेवढं उरलं होतं. वडिलांचं नाव खोडून लिहिलेलं.

"साडूभाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमी इंजिनिअर. ते मशीन घ्यायला चला माझ्यासंगं. स्वस्तातलं."

अशा खरेदीत माझा उत्साह मला आवरत नाही. मी दोन रात्री जागून तक्ता केला: कुणाचा टप्पा किती, भिंग किती पट, पावसात चालेल का, बॅटरी किती टिकेल. जाहिरातीत सहाशे लिहिलेलं असलं तरी ते चकचकीत पाटीवर. डुकराच्या काळ्या केसाळ अंगावरून उजेड कमी परततो, तेव्हा निम्मंच धरावं, हेही मी लाल शाईत लिहिलं. रविवारी आम्ही सिकंदराबादच्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथे दुर्बिणी आणि जमीन मोजायची यंत्रं मिळतात. दुकानदार म्हातारे, अदबशीर. त्यांनी मुठीत मावेल असं एक यंत्र काढलं: डोळ्याला लावायचं, बटण दाबायचं, आत आकडा उमटतो. "हजरत, ये लेलो," ते म्हणाले, "एक गज का भी फरक नै आता."

"वोइच तो मुश्किल है मियाँ," साडू म्हणाले.

मला वाटलं, गंमत करताहेत. मी तक्ता उघडला. दुकानदारांनी समजावलं की यंत्रं दोन जातींची असतात. गोल्फ खेळणाऱ्यांचं यंत्र समोर जे पहिलं येईल त्याचं अंतर सांगतं. शिकारीचं यंत्र समोरचं गवत, फांद्या सोडून देतं आणि त्यांच्या मागचं सांगतं. साडूंचे डोळे चमकले. "मागचं म्हणजे? डुकराच्या मागं झाड असलं, तर झाडाचं सांगंल का?" दुकानदार ओशाळले. म्हणाले, हात हलला तर कधी कधी तसं होतं, पण यंत्र टेकवून धरलं तर नाही होत. "हात तर माझा हलतोच," साडू आनंदाने म्हणाले. "आणि अंधार पडायला लागला की चुकतं का?" थोडं. "धुकं असलं की?" जास्त. माणूस कलिंगड घेताना लाल आहे ना, गोड आहे ना असं विचारतो. हे प्रत्येक यंत्राला, कुजकं आहे ना, असं विचारत होते. जे यंत्र चुकणार नाही म्हणून दुकानदार छातीला हात लावत, ते बाजूला सरकवलं जाई. मी अवाक. दुकानदारही अवाक, पण ते शेवटपर्यंत चहा पाजत राहिले.

मग मी स्वतःच्या अकलेने एक यंत्र घरपोच मागवलं. आमच्या मलकपेठच्या गच्चीवरून रेसकोर्सचा तुकडा दिसतो. पहाटे घोडे फिरवतात. एक काळा घोडा हेरून मी साडूंना म्हटलं, समजा हे डुक्कर. त्यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोनशे अठ्ठावीस." मग मी यंत्र लावलं. दोनशे नऊ. "एकोणीसचा फरक!" मी जिंकल्यासारखा ओरडलो. साडूंनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे मीटरमधी सांगतं का?" हो. "गजात सांगत नाही?" मी म्हटलं, सांगतं ना, यार्ड म्हणजे गजच, मीटरहून थोडा आखूड; हे बटण दाबून ठेवलं की बदलतं. मी बदलून दिलं आणि पुन्हा त्या घोड्यावर धरलं. दोनशे अठ्ठावीस. मी यंत्र डोळ्यावरून काढून साडूंकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या नजरेची मी मनातल्या मनात टिंगल केली, ती लेझरच्या तोडीची निघाली होती. हैदराबादेत जमीन अजून गजात विकतात, गजात मोजतात. हा माणूस जन्मभर गजातच बघत होता आणि सांगायची गरज त्याला वाटली नव्हती.

"फक्त गजात सांगणारं मिळंल का?" त्यांनी विचारलं. "ज्याला दुसरं बटणच नाही, असं."

मिळालं. माझ्या ऑफिसातल्या एका गोल्फवेड्या साहेबाने टाकून दिलेलं, मीटरचं बटण बिघडलेलं, कडेला तडा गेलेलं यंत्र साडूंनी दोन्ही हातांनी घेतलं. तक्त्यातल्या एकवीस यंत्रांत ते एकविसावं होतं. मी पोटतिडकीने विरोध केला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "महागडं मशीन लई खरं बोलतं, साडूभाऊ. आपल्याला तेवढं परवडत नाही." तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माणूस हुशार असला की मूर्खपणाही सावकाश करतो.

उजेड पडला तो मचाणावर. मक्याच्या शेताला लागून चिंचेवर बांधलेलं मचाण, त्यावर साडू, सरपंचबाई आणि मी. दिवेलागणीची वेळ, पण दिसत होतं सगळं. सरपंचबाईंनी आधीच बजावलं होतं, बोलायचं नाही. त्यामुळे साडूंचा चेहरा दुखणं आल्यासारखा झाला होता. पहिलं डुक्कर नाल्याच्या काठावर आलं. सरपंचबाईंनी यंत्र मागून घेतलं, स्वतः पाहिलं आणि पुटपुटल्या, "एकसष्ट." त्यांचा चेहरा पडला. मी चटकन मनात हिशेब केला. एकसष्ट गज म्हणजे छप्पन मीटर, आणि यंत्रावर कुठेही गज असं लिहिलेलं नव्हतं. सरपंचबाईंनी बहुधा मीटर धरले. म्हणजे हे सगळं, दुकानदाराचं डोकं खाणं, घोडा, ते बिघडलेलं बटण, सगळं या पाच पावलांसाठी! दोन रात्री जागून मी तक्ता केला तो डुक्कर मारण्यासाठी, आणि हा माणूस ते वाचवायला खरेदीला निघाला होता!

साडू शांतपणे सुपारी चघळत होते. पण मग मक्याच्या कडेने दुसरी आली. मादी, आणि तिच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची पाच पिलं. नाल्यावर न थांबता सरळ चिंचेकडे. तिचं हुंगणं ऐकू येत होतं. गज असो की मीटर, नियमाच्या कितीतरी आत. साडूंची सुपारी थांबली. बंदूक मांडीवर होती. तिच्यावरचा हात कापायला लागला, आणि तो वयाने कापत नव्हता हे मला दिसत होतं. सरपंचबाई कुजबुजल्या, "मामा, आता." साडूंनी यंत्र डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते माझ्यापुढे धरलं. "साडूभाऊ, माझा चष्मा राहिला. तुमी वाचा."

त्यांना चष्माच नाही. मी यंत्र डोळ्याला लावलं. लाल आकडा स्वच्छ उमटला: चौतीस. मी आयुष्यात रिक्षावाल्याच्या मीटरचाही आकडा खोटा सांगितलेला नाही. ऑफिसात एका दशांशासाठी मी लोकांच्या दिवाळीच्या सुट्ट्या रद्द करायला लावल्या आहेत. सरपंचबाईंचं खरं होतं. त्यांचा मका खरा होता. आणि माझ्या शेजारी बसलेला सहासष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

समोर पिलं एकमेकांना ढकलत होती. खडा टाकला असता तर लागला असता. सरपंचबाईंनी पिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग साडूंच्या त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "इंजिनिअर साब म्हणतायत तर असंल," त्या म्हणाल्या. त्यावर साडूंना जी शिंक आली ती पलीकडच्या गावात ऐकू गेली असेल. पिलांसकट सगळं नाल्यापार झालं.

सकाळी निघताना सरपंचबाईंनी मला बाजूला घेतलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "कुंपणाचं करते मी काहीतरी, करंटवाल्या तारेचं. पण मामांचं नाव राहू द्या यादीत. माझ्या लहानपणापास्नं बघायलेय, ते मचाणावर बसले की सगळं गाव खाली गोष्टी ऐकायला बसतं. त्या गलक्यात डुक्कर कुठलं येतंय? काल मीच गप्प बसा म्हणलं, म्हणून आलं." मग थांबून म्हणाल्या, "त्रेसष्ट जरा जास्तच झालं, साब."

परतीच्या वाटेवर जहीराबाद मागे पडल्यावर साडू गाडीत आपणहून म्हणाले, "एक मारलंतं. वडील होते तवा. पंचवीस गजावर. गाव नाचलं, वडलांनी पेढे वाटले, आणि मी तीन दिवस जेवलो नाही. वडलांना कसं सांगू, की मला नाही जमत? मग म्हणलं, साठाच्या पुढं मी मारणार नाही, तडफडतं जनावर. त्यांना लई पटलं. तवापास्नं साठ." आकड्यापुढे गज हा शब्द लावून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. गाडी चालवता चालवता मी उगाचच हॉर्न वाजवला.

यंदा संक्रांतीनंतर साडूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, ही देवाची कृपा. ती गेली असती तर ते जगलेच नसते. पण पाय हट्टाला पेटला. डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं, रोज थोडं थोडं, नाहीतर पाय कायमचा जाईल. आणि साडू तारनाक्याच्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसून राहिले ते उठेनात. ताईंनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. मुलाने परदेशातून फोनवर समजावलं. गावाहून सरपंचबाई कणसांचं पोतं घेऊन येऊन गेल्या. ते सगळ्यांना एकच सांगत, "बघू उद्या."

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ते यंत्र त्यांच्या मांडीवर होतं. समोर कॉलनीचं फाटक दिसत होतं; रोज सकाळी तिथे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अंतर सांगणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. मी म्हटलं, "चला, फाटकापर्यंत."

"लई लांब आहे," ते म्हणाले. "साठाच्या पुढं आपण जात नाही."

मी त्यांच्या मांडीवरून यंत्र उचललं, फाटकावर धरलं आणि बटण दाबलं. चौऱ्याहत्तर. "अठ्ठावन्न," मी म्हणालो.

साडूंनी एक डोळा बारीक करून फाटकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तीच नजर, जिने पहिल्या भेटीत मला मोजलं होतं. "मशीन म्हणतं?"

"मशीन म्हणतं."

"मग टप्प्यात आहे," ते म्हणाले आणि काठीसाठी हात पुढे केला.

ताई दाराला धरून उभ्या राहिल्या. मी बरोबर निघालो तर त्यांनी मला हाताने मागे सारलं. काठी, पाय, मग तो दुसरा ओढलेला पाय. मधे दोनदा थांबले. एकदा लवंग तोंडात टाकायला, एकदा कशालाच नाही. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, मी घड्याळाकडे पाहिलं नाही. फाटकाला हात पोचल्यावर ते धापा टाकत वळले आणि तिथून त्या पार्सल ऑफिसच्या आवाजात ओरडले, "साडूभाऊ, चौऱ्याहत्तर!"

माझ्या एकदम लक्षात आलं की आता त्यांना तेवढंच परत यायचं आहे. मी ओट्यावरची खुर्ची उचलली आणि धावत जाऊन अर्ध्या वाटेवर ठेवली. ती बरोबर मध्यावर होती की नाही, हे मी मोजलं नाही.